पन्नास माणसांत नाताळ

कोरोनाच्या साथीत, डिसेंबर २०२० मध्ये नाताळच्या एक-दोन दिवस आधी महाराष्ट्र शासनाच्या सूचना आल्या, तेव्हा बहुतेकांच्या नजरेत एकच आकडा भरला: ५०. चर्चमध्ये पन्नासाच्या वर माणसं नकोत. साठीच्या पुढच्यांनी आणि दहाच्या आतल्या मुलांनी शक्यतो घरीच थांबावं. पण खरी मेख त्याच्या पुढच्या ओळीत होती. गायकवर्गात जास्तीत जास्त १० जण, आणि माइक वेगवेगळे. मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, नाताळ निम्म्याहून जास्त गाण्यात जातो. बाकीचा चहात आणि फराळात. गर्दी कमी करणं त्यामानाने सोपं, कागदावर बसून करता येतं. गाण्याचं काय करायचं ते आधी ठरवायला लागतं, कारण जागा, वेळ आणि माणसं ही तिन्ही गणितं त्यावरूनच सुटतात. चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्या पंचमंडळांनी आधी प्रवेशाची टोकन वाटली आणि गाण्याचा विचार शेवटच्या आठवड्यात केला, त्यांची धावपळ ठरलेलीच.

आधी आकड्याचं बघू. पन्नासात सगळे धरायचे. पाळक (पास्टर) १, शास्त्रवाचन करणारे २, दारावर ३, साउंड आणि कॅमेऱ्यावर २. गाणारे १० आणि पेटी-तबल्यावर २ घेतले तर वीस जण इथेच संपले, बाकांवर उरले ३०. गाणारे सहावर आणले तर ३४. म्हणजे गायकवर्गातला प्रत्येक जादा माणूस कोणाचं तरी टोकन खातो. हे तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, म्हणजे नंतर रुसवे-फुगवे होत नाहीत. (होतातच, पण कमी.)

आजी-आजोबा आणि लहान मुलं घरी धरली तर एका घरातून सरासरी दोघे येतात. ३४ टोकन म्हणजे १७ घरं. १२० घरांची मंडळी असेल तर किमान सात उपासना लागतील. २५ तारखेला एका पाळकाकडून सात उपासना घेणं ही क्रूरता आहे. कॅथलिक धर्मगुरूंसाठी व्हॅटिकनने १६ डिसेंबर २०२० च्या आदेशाने नाताळच्या दिवशी चार मिस्सांची (कॅथलिक उपासनांची) मुभा धर्मप्रांतांच्या बिशपांमार्फत दिली होती. त्या चार करतानाही माणूस थकतो. यातून सुटायचा मार्ग पंचांगातच आहे. नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस चालतो, याची आठवण एरवी फक्त उपदेशात होते. आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा) चौथा रविवार, २४ ची संध्याकाळ, २५ ला तीन आणि नंतरचा रविवार, असे वाटे घातले तर टोकनाचं भांडण पुष्कळ निवळतं. २५ ची तीन मात्र चिठ्ठ्या टाकूनच द्यावीत. ओळखीवर दिली की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

टोकनावर चार गोष्टी हव्यात: उपासनेची वेळ, बाकाचा क्रमांक, कोणत्या दाराने आत यायचं आणि किती जण. नाव नको, घराचा यादीतला क्रमांक पुरे. दोन उपासनांमध्ये किमान अर्धा तास रिकामा ठेवा आणि उपासना ४० मिनिटांत आटपा. पाळकांना उपदेशासाठी १० मिनिटं मिळतात. ती पाळली जातील यासाठी पुल्पिटवर (उपदेशाच्या चौथऱ्यावर) समोरून दिसेल असं घड्याळ लावणं हाच उपाय. खुणा करून काही होत नाही.

बाकांचं गणितही कागदावर करून बघा, डोळ्यांनी नाही. बाक १० फुटी असेल आणि एका टोकाला नवरा-बायको बसले तर त्यांना साडेतीन फूट लागतात. दुसऱ्या टोकाला दुसरं जोडपं बसवलं की मध्ये उरतात तीन फूट. सहा फूट होत नाहीत. म्हणून जोडपं असेल तर बाकावर एकच घर. एकेकटी माणसं असतील तरच दोन्ही टोकं वापरायची. बाकांच्या रांगांत साधारण तीन फुटांचं अंतर असतं, तेव्हा एक रांग सोडून बसवलं की पुढचं-मागचं अंतर जमतं. ‘इथे बसू नका’चे ऐंशी कागद चिकटवण्यापेक्षा ‘इथे बसा’चे पंचवीस पुरतात. आणि चिकटपट्टी लावू नका. जुन्या सागवानी बाकांचं पॉलिश पट्टीबरोबर निघून येतं. कापडाची रंगीत पट्टी बाकाच्या पाठीला बांधली की काम झालं.

आता वेळ. त्या डिसेंबरात मुंबईची लोकल सगळ्यांसाठी खुली नव्हती. ती १ फेब्रुवारी २०२१ पासून, तीही ठरावीक वेळांत, खुली झाली. अत्यावश्यक सेवेतल्यांना परवानगी होती आणि २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. गिरगाव-भायखळ्याच्या जुन्या मराठी चर्चची निम्मी मंडळी आज कल्याण, विरार, पनवेलला राहते. त्यांच्यासाठी सकाळी ९ ची उपासना असून नसल्यासारखी. तीच साडेबाराला ठेवली तर ११ नंतरची गाडी पकडून यायचं आणि १ वाजून १० मिनिटांनी सुटून ३ च्या आत परतीच्या गाडीत बसायचं, हे जमतं. पुरुषांना तेही नाही. त्यांनी बस नाहीतर कोणाची तरी गाडी. म्हणून साडेबाराची टोकनं लांबच्यांना आणि सकाळ-संध्याकाळची चालत येणाऱ्यांना, अशी विभागणी करायची. सगळ्या वेळा सगळ्यांना खुल्या ठेवल्या की जवळची माणसं दुपारची टोकनं घेऊन बसतात आणि बदलापूरची बाई घरी राहते.

मध्यरात्रीचा प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. २२ डिसेंबर ते ५ जानेवारी, रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी होती. रोममध्ये पोपसाहेबांचीच २४ तारखेची मिस्सा त्या वर्षी संध्याकाळी साडेसातला झाली, तेव्हा आपण सात वाजता केली तर कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. सातची उपासना पावणेआठला सुटते, दुसरी साडेआठला घेतली तरी माणसं दहाच्या आत घरी.

सजावटीच्या आधी एक काम असतं, ते पुष्कळांच्या लक्षात आलं नसेल. प्रार्थनास्थळं मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, उघडली. मध्ये मुंबईचा अख्खा पावसाळा गेला. बंद इमारतीत आठ महिने पेटी ठेवली की भात्याच्या कापडाला बुरशी येते, स्वरांच्या पितळी पट्ट्यांवर ओल बसते आणि दोन-चार सूर कणसूर तरी लागतात नाहीतर लागतच नाहीत. तबल्याची पुडी सैल पडते. गीतांच्या पुस्तकांना वास येतो. बाकांच्या पायांशी वाळवीची माती दिसते. पेटी दुरुस्त करणाऱ्याला नोव्हेंबरातच बोलवा; डिसेंबरात त्याच्याकडे रांग असते. पुस्तकं तीन-चार दिवस सकाळच्या उन्हात उभी उघडून ठेवा आणि तरीही वापरू नका. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू कमी करायची तर उपासनाक्रमाचा छापील कागदच बरा, तोही मोठ्या टायपात. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते आणि बारीक अक्षर दिसत नाही.

हवेच्या बाबतीत मुंबई नशीबवान. युरोपात डिसेंबरात खिडकी उघडायची म्हणजे शिक्षा. आपल्याकडे नाताळच्या संध्याकाळी सगळी दारं-खिडक्या सताड उघडून बसता येतं. पण छताचे पंखे म्हणजे हवा बदलणं नव्हे. पंखा आतलीच हवा घुसळतो. उभा पंखा एका खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा आणि समोरच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे हवा आरपार जाते. स्प्लिट एसी बंद. तोही आतलीच हवा फिरवतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र कोणाकडे असेल तर उत्तम. बाहेर आकडा ४२० च्या आसपास असतो. आत ८०० च्या वर चढू लागला तर माणसं जास्त आहेत किंवा खिडकी बंद आहे. हमखास होणारी चूक अशी की सजावट करणारे तरुण खिडक्यांवर पडदे आणि चांदण्यांच्या झालरी लावतात. दिसतं छान, वारा अडतो. झालरी भिंतीवर लावा.

आता गाणं. धोका का, हे एका नोंदीवरून कळतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदाची १० मार्च २०२० ला अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण आले होते. त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली, ३३ चाचणीने सिद्ध झालेले आणि २० लक्षणांवरून धरलेले. दोघे दगावले. गाताना माणूस खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब हवेत जातात, आणि तालीम म्हटली की बंद खोली आलीच.

म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी गायचं नाही, हे ठरवावं लागतं. पण मराठी मंडळीला ‘तुम्ही फक्त ऐका’ म्हणणं म्हणजे वारकऱ्याला बसून राहा म्हणण्यासारखं. यावर एक साधी युक्ती आहे: टाळ. ज्याच्या घरी टाळ आहे त्याने आपापला घेऊन यायचा, तोंडावर मास्क, हातात टाळ. श्वासाचा प्रश्न नाही आणि माणूस गाण्यात सामील होतो. एकच सांगायचं की टाळ कडेकडेने वाजवा. तीस टाळ एकदम खणखणले तर सहा गाणाऱ्यांचा आवाज बुडतो.

गाणारे सहा जण खिडकीच्या बाजूला एका रांगेत, सहा-सहा फुटांवर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. अर्धवर्तुळ नको, त्यात एकाचा श्वास समोरच्याच्या तोंडावर जातो. वरच्या गॅलरीत उभं करण्याचा मोह होतो, पण ऊन हवा वर चढते आणि छताखाली साचते. गॅलरीला स्वतःच्या उघड्या खिडक्या नसतील तर तिथे गाऊ नये. माइक सहा लागतात. चर्चमधला मिक्सर बहुधा आठ चॅनेलचा असतो. पाळक आणि वाचनासाठी दोन सोडले की सहाच उरतात, म्हणजे दहाजणांचा हट्ट इथेही टिकत नाही. माइकवर सॅनिटायझर फवारू नका, जाळीतून आत जातं आणि माइक बसतो. फोमची टोपी प्रत्येक उपासनेला बदला, वापरलेली साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा.

घरी राहिलेल्यांना गाण्यात घ्यायचं तर ध्वनिमुद्रण. झूमवर एकत्र गाणं हा प्रकार करू नये. आवाज पोचायला इतका वेळ लागतो की दुसऱ्याचा ठेका आपल्याकडे येईपर्यंत आपण पुढच्या मात्रेवर असतो. प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणतानासुद्धा गोंधळ होतो; एकाने म्हणावी, बाकीच्यांचे माइक बंद. सगळ्यांनी आपापल्या घरी गायचं आणि नंतर जोडायचं, हाच रस्ता.

त्यासाठी आधी एक मार्गदर्शक ट्रॅक करायचा. त्यात मेट्रोनोमचा टिक-टिक ठोका, पेटी आणि एक स्वच्छ आवाज. गाणं केहरव्यात असेल तर आधी आठ मात्रांचं एक आवर्तन रिकामं, दुसऱ्या आवर्तनाच्या पहिल्या तीन मात्रांवर तीन टाळ्या, तिसऱ्यापासून गाणं. तबला या ट्रॅकमध्ये वाजवायचा तर तबलजीलाही कानात ठोका द्यावा लागतो. नाहीतर गाणं १०० च्या लयीत सुरू होऊन ११५ ला संपतं. चर्चमध्ये त्याला रंगत म्हणतात, जोडताना डोकेदुखी. पेटी जुनी असेल तर तिचा सूर किबोर्डच्या सुराशी जुळतोच असं नाही. दोन्हींपैकी एकच वापरा.

पट्टी नेहमीपेक्षा एक सूर खाली ठेवा. हे का, ते घरी गाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. चाळीत किंवा इमारतीत शेजारी ऐकतील म्हणून माणूस दबक्या आवाजात गातो, आणि दबक्या आवाजात वरचा सा लागत नाही. पट्टी उतरवली नाही तर बारा जणांपैकी आठ जणांची रेकॉर्डिंग तार सप्तकात चिरकलेली येतात.

गाणाऱ्याला दोन फोन लागतात. एका फोनवर ट्रॅक, वायरच्या इयरफोनने, दुसऱ्यावर मुद्रण. एकाच फोनवर दोन्ही करायला गेलं की पुष्कळ फोन मुद्रण सुरू होताच ट्रॅक थांबवतात. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि प्रत्येक यंत्राचा उशीर वेगळा. मुद्रणाचा फोन एरोप्लेन मोडवर ठेवा, म्हणजे मध्येच फोन येऊन मुद्रण तुटत नाही. तोंडापासून हातभर लांब, पुस्तकांच्या चवडीवर टेकवून. पंखा बंद, फ्रीजपासून लांब, आणि स्वयंपाकघरात कुकर चढलेला नसावा. ट्रॅकबरोबर तीन टाळ्या ठोक्यावर वाजवायच्या. जोडणारा याच टाळ्या एकमेकांखाली लावतो. ज्याने टाळ्या गाळल्या त्याचा आवाज जुळवायला पंधरा मिनिटं लागतात, वाजवल्या त्याचा दोन मिनिटांत बसतो.

व्हिडिओ घ्यायचा की नाही? माझ्या मते नको. चार मिनिटांचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ सहज चार-पाचशे एमबी होतो आणि त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून १०० एमबीच्या वर जात नव्हतं. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की आवाज दाबला जातो. नुसता आवाज चार-पाच एमबीत येतो. पडद्यावर चर्चचे जुने नाताळचे फोटो दाखवा. बारा चौकटीत बारा तोंडं बघण्यापेक्षा तेच लोकांना जास्त आवडतं, आणि काम निम्म्यावर येतं.

जोडायला ऑडॅसिटी पुरतं, फुकट आहे. इथे एक बारकावा. एकट्याने गायलेलं ‘ख्रिस्त’ छान ऐकू येतं. बारा जणांनी बारा घरांत गायलेलं एकावर एक ठेवलं की शेवटचा ‘स्त’ प्रत्येकाचा थोडा पुढे-मागे पडतो आणि ऐकू येतं ‘ख्रिस्-स्-त-त-त’. ‘प्रकाश’, ‘येशू’ या शब्दांतल्या श-काराचंही तसंच, वाऱ्यासारखी फुसफुस. उपाय मुद्रणाआधीचा: तिघा पक्क्या गाणाऱ्यांनी व्यंजनं स्पष्ट उच्चारायची, बाकीच्यांनी शब्दाचा शेवट मऊ सोडायचा, ‘स्त’ जवळजवळ गिळायचा. हे विसरलं गेलं असेल तर ऑडॅसिटीत त्या नऊ जणांच्या शब्दांची शेपटं एकेक करून कमी करावी लागतात. नवख्या माणसाला बारा आवाजांच्या एका गाण्याला सहा ते आठ तास लागतात. म्हणून आवाज पाठवायची शेवटची तारीख १० डिसेंबर. २० सांगितली तर २३ ला येतात.

गाणं निवडताना हक्कांचाही विचार करा. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मोकळी होते. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांच्या भजनांना अडचण नाही. मात्र शब्द मोकळे म्हणून कोणत्याही कंपनीचं ध्वनिमुद्रण मागे वाजवता येत नाही. यूट्यूब ते ओळखतं आणि ऐन उपासनेत आवाज बंद पडू शकतो. वाद्यं आपलीच वाजवा.

थेट प्रक्षेपणाचं थोडक्यात. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला परवानगी मिळेपर्यंत २४ तास लागू शकतात. २४ च्या संध्याकाळी बटण दाबलं तर २५ ची सकाळ हातातून गेली. २०२० मध्ये मोबाइलवरून लाइव्ह करायला हजार सदस्य लागायचे, छोट्या मंडळीकडे कुठले असणार. लॅपटॉपवरून ती अट नव्हती. साध्या ७२० च्या चित्राला सेकंदाला अडीच-तीन मेगाबिटचा अपलोड लागतो, हातात त्याच्या दुप्पट हवा. तासाला सव्वा जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर दुसरी उपासना अर्ध्यात बंद. चित्र अंधुक असलं तरी चालतं, आवाज नाही. तो कॅमेऱ्याच्या माइकने न घेता मिक्सरमधून वायरने घ्या. मिक्सरची आउट थेट फोनच्या माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, कारण तिथून येणारा सिग्नल माइकपेक्षा खूप जोरकस असतो. मध्ये छोटा ऑडिओ इंटरफेस (सिग्नल फोनला झेपेल असा करणारं यंत्र) हवा. झूम वापरत असाल तर फुकट खात्याला ४० मिनिटांची मर्यादा असते. त्या नाताळात कंपनीने ती काही दिवस उठवली होती.

आणि ज्यांच्याकडे साधाच फोन आहे? मंडळीत अशी पंधरा-वीस माणसं असतातच, आणि नाताळची सर्वांत जास्त ओढ त्यांनाच असते. साध्या मोबाइलवरून पाच जणांना एका कॉन्फरन्स कॉलवर घेता येतं. चार स्वयंसेवक, चार फोन, वीस घरं. फोन स्पीकरच्या अगदी जवळ ठेवला तर आवाज फाटतो, तीन फुटांवर ठेवा. उपासनाक्रमाचा कागद, एक मेणबत्ती आणि केकचा तुकडा असलेली कापडी पिशवी त्यांच्या घरी दोन दिवस आधी पोचवा. कॉल लागला का, हे आधी एकदा करून बघायचं. आजोबा ‘मर्ज’च्या वेळी फोन ठेवून देतात.

प्रभुभोजनासाठी एकच प्याला बादच. छोटे पेले असतील तर १० मिलीच्या पेल्यात ८ मिली भरा, ५० पेल्यांना ४०० मिली. पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, दहा मिनिटं उकळून, कुस्करून, दोनदा गाळल्या की रस पुरून उरतो. दोघांनीच, मास्क आणि धुतलेल्या हातांनी, झाकण असलेल्या ताटांत भरायचं. माणसं वेदीजवळ न येता पेला बाकाच्या टोकाशी ठेवलेला असावा. कॅथलिक चर्चमध्ये ऑस्ती (प्रभुभोजनाच्या भाकरीची चकती) जिभेवर न देता हातावर दिली गेली, आणि बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घेण्याऐवजी लांबून मान लववण्याची पद्धत आली. अर्पणाची थैली फिरवायची नाही, दाराशी पेटी. क्यूआर लावायचा तर तो मंडळीच्या खात्याचा हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरचा लावला की मार्चमध्ये हिशेब जुळवताना त्या बिचाऱ्याची झोप उडते.

सॅनिटायझरने जेवढं वाचवलं तेवढं बिघडवलंही. जुन्या बाकांवर फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. त्यावर ७० टक्के अल्कोहोलचा फवारा मारला की लाख पुन्हा विरघळते. पांढरे डाग पडतात, कधी माणसाचा सदरा चिकटतो. बाक साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने. हायपोक्लोराइट (ब्लीचचं जंतुनाशक) फरशीला ठीक, पितळी समयांना आणि क्रुसाला लावू नका, काळे पडतात. आणि २४ च्या रात्रीची मेणबत्त्यांची उपासना: दारात हातावर सॅनिटायझर, दोन मिनिटांनी त्याच हातात पेटती मेणबत्ती. ओल्या हाताला आग लागू शकते आणि अल्कोहोलची ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. मेणबत्ती असलेल्या उपासनेला दारात साबण आणि पाणी ठेवा. शेजाऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली पेटवणंही नको. प्रत्येक बाकावर एका घराला एक काडेपेटी.

प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीचं एकत्र जेवण, नाही, तर फराळाची पाकिटं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, केक, सगळं एका पाकिटात घातलं की दुसऱ्या दिवशी चकली मऊ. केकमधली ओल चकली ओढून घेते. केक वेगळ्या कागदात. कोणताही पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका, आणि बायकांनी एका स्वयंपाकघरात जमण्यापेक्षा एका घराने एकच पदार्थ करून पोचवावा.

गव्हाणीचा देखावा आत न करता फाटकाजवळ केला तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो, आणि रांग लागत नाही. गवतासाठी नाचणी उथळ ताटात पेरा, १४ किंवा १५ डिसेंबरला. आठ-दहा दिवसांत बोटभर होते. आधी पेरली तर नाताळापर्यंत पिवळी पडून आडवी होते.

घरोघरी गाणी गात फिरण्याची जागा इमारतीच्या आवारातल्या गाण्याने भरून निघाली, आणि माझं मत असं की हीच पद्धत पुढेही ठेवायला हरकत नाही. सहा गाणारे, एक ढोलकी, तीन गाणी, बारा मिनिटं. सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन दिवस आधी चिठ्ठी. लाउडस्पीकर नको. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० नंतर तर प्रश्नच नाही. आवाराच्या मधोमध उभं राहू नका, दोन भिंतींच्या कोपऱ्यात राहा. आवाज भिंतीवर आपटून वर चढतो आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत शब्द कळतात. संध्याकाळी साडेसात ही वेळ बरी. त्याआधी माणसं घरी नसतात, आठ वाजता मालिका सुरू होतात.

२०२१ चा नाताळ कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकाराच्या सावटात आला. चर्चमध्ये क्षमतेच्या ५० टक्के माणसं चालत होती, पण २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपासून सार्वजनिक ठिकाणी रात्री ९ ते सकाळी ६ पाचपेक्षा जास्त जणांना एकत्र यायला मनाई झाली. टोकन, पट्ट्या, मार्गदर्शक ट्रॅक सगळं तयार होतं, वेळा तेवढ्या पुढे-मागे केल्या की झालं.

राहिली ३१ डिसेंबरची उपकारस्तुती, म्हणजे सरत्या वर्षाबद्दल आभार मानण्याची उपासना. २०२० च्या सूचनांत तीही मध्यरात्री न करता संध्याकाळी ७ ला किंवा आधी करायला सांगितलं होतं. टोकनं तीच, गाणी कमी. बाराला घंटा वाजवायची असेल तर त्याला एकच माणूस लागतो, आणि तो चर्चच्या आवारात राहणाराच हवा. फक्त ३१ च्या सकाळी वर चढून बघा. घंटेचा दोर मार्चपासून हललेला नसतो, पावसात भिजून कप्पीजवळ कुजतो आणि खालून धडधाकट दिसतो. कप्पीला तेल घाला, दोराला दोनदा लटकून बघा. सुटला तर दुपारी नवा मिळतो, संचारबंदी लागल्यावर नाही.